सगळ्यात जुना गोल्फ कोर्स म्हणजे खरं तर गायरान

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला गोल्फचे जे नियम होते त्यात एक नियम चक्क धुण्याबद्दल होता. तुमचा बॉल जाऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर पडला तर कपडे बॉलखालून ओढून काढायचे, आणि धुण्याच्या टबाजवळ पडला तर टब बाजूला सरकवायचा, की झालं, खेळ पुढे सुरू. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. मग डोक्यात आलं, अरे, यात कुठेही असं म्हटलेलं नाही की बायकांनी इथे धुणं वाळत घालू नये. धुणं असणारच हे धरूनच नियम केलाय. सरकायचं कोणी, तर गोल्फवाल्याने, किंवा फार तर टबाने.

मी स्वतः गोल्फ खेळत नाही, आधीच सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणी विचारायला नको. माझा गोल्फशी संबंध एवढाच की लहानपणी आमच्या वसाहतीच्या मागे एका क्लबची कंपाउंड वॉल होती, वर काचा लावलेल्या, आणि महिन्यातून चार-पाच बॉल उडून आमच्याकडे यायचे. आम्ही ते गोळा करून मागच्या गेटवर कॅडीला, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या उचलणाऱ्या पोराला, विकायचो, एका बॉलचे दोन रुपये, चिरलेला असेल तर आठ आणे. एकदा बॉल आणायला भिंतीवर चढलो तर वॉचमनने कान धरून खाली उतरवलं. आत काय दिसलं म्हणाल तर गवत. एवढं हिरवंगार गवत आणि त्यावर फक्त चार माणसं. बाहेर आम्ही वीस पोरं एका गल्लीत तीन मॅच खेळायचो, कोणता फील्डर कुठल्या मॅचचा तेच कळायचं नाही.

तर हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आपल्याकडे शहरातल्या क्लबांच्या जमिनींचा, लीजचा विषय अधूनमधून निघतो, आणि तो निघाला की क्लबवाले एक शब्द हमखास काढतात, हेरिटेज. इतकी वर्षं जुना क्लब, इतकी जुनी परंपरा, तिला हात कसा लावता. माझं म्हणणं असं की हेरिटेजच काढायचं असेल तर पूर्ण काढा ना. गोल्फचं हेरिटेज १८७० किंवा १९२० साली सुरू होत नाही, ते सुरू होतं गावाच्या मोकळ्या जमिनीवर, जिथे गुरं चरतात, पोरं खेळतात, धुणं वाळतं. आपल्या भाषेत सांगायचं तर गायरानात. भिंत ही फार नंतरची भानगड आहे.

जुन्या नोंदी बघितल्या तर गंमतच आहे. गोल्फचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख म्हणजे बंदीहुकूम. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने फुटबॉल आणि गोल्फ दोन्ही बंद करा म्हणून कायदा केला, कारण लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून हेच खेळत बसायचे. पुढे १४७१ आणि १४९१ ला पुन्हा तोच हुकूम, म्हणजे आधीचा कुणी पाळला नसणार हे उघड आहे. आणि १५०२ मध्ये खुद्द राजा चौथा जेम्स पर्थच्या एका धनुष्य बनवणाऱ्याकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतो! ज्या धनुष्यबाणासाठी बंदी, तो बनवणाऱ्याकडूनच. पण मुद्दा वेगळा आहे. एखाद्या गोष्टीवर राजाला तीनदा बंदी घालावी लागते याचा अर्थ ती गोष्ट मूठभर सरदार करत नसतात, सगळं गाव करत असतं.

ही जमीन कसली होती तेही बघा. समुद्र आणि शेती यांच्या मधला वाळूचा पट्टा, तिकडे त्याला लिंक्स म्हणतात. कोकणातली माणसं पुळण म्हटल्यावर लगेच ओळखतील, फक्त माड नाहीत आणि वारा असा की कान गार पडतात. वाळू असल्यामुळे नांगर चालत नाही, पीक येत नाही, म्हणून कुणी एकट्याने ती ताब्यात घ्यायच्या मागे लागलं नाही, गावाची म्हणून राहिली. मेंढरं चरायची, ससे बिळं करायचे. ससे आणि मेंढरं गवत इतकं खाली कुरतडतात की आपोआप लॉन तयार होतं. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढरं ज्या खळग्यात अंग चोरून बसायची तिथलं गवत जाऊन वाळू उघडी पडायची, तेच पुढे बंकर, म्हणजे गोल्फ कोर्सवरचे वाळूचे खड्डे, झाले असं म्हणतात. आज गोल्फ कोर्स बांधायचा म्हणजे आर्किटेक्ट, जेसीबी, पाण्याच्या पाइपलाइनी, कोट्यवधी रुपये. पहिला कोर्स मेंढरांनी फुकटात करून दिला.

आता सेंट अँड्र्यूजचा कागद. १५५२ साली तिथला आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याला लिंक्सवर ससे पाळायचे होते, मटणासाठी आणि कातड्यासाठी. गावाने परवानगी दिली आणि त्या बदल्यात लिहून घेतलं की इथे गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि मनाला येईल तो खेळ खेळायचा गावकऱ्यांचा हक्क कायम राहील. मला हा कागद फार आवडतो. कारण यात आर्चबिशप मोठ्या मनाने हक्क देतोय असं नाहीये, आधीपासून चालत आलेला हक्क तो मान्य करतोय. आपल्याकडे वहिवाट म्हणतात ना, अगदी तेच. वाट पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, आता मालक कोणीही होऊ दे, वाट बंद करता येणार नाही. ज्याने बांधावरून भावकीशी कोर्टकचेरी केलीये त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि पुढे अगदी कोर्टकचेरीच झाली. १७९७ मध्ये गावची नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने लिंक्स हातची घालवली. नगरपालिका, कर्ज आणि मोक्याची मोकळी जमीन, ही स्टोरी पुढे कुठे जाते हे आपल्याला पाठ आहे. दोनेक वर्षांत जमीन डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे आली आणि त्यांनी तिथे सशांचा धंदा मांडला. ससे काय, त्यांना कोणी हाउसिंग सोसायटीचे नियम वाचून दाखवलेले नसतात, त्यांनी सगळं मैदान उकरून ठेवलं, बॉल मारला की बिळात. ज्या प्राण्याने मैदान घडवलं त्यानेच ते खाऊन टाकायची वेळ आणली. गावकरी भडकले. ससे मारू लागले, व्यापाऱ्यांची माणसं अडवू लागली, हाणामाऱ्या झाल्या, केस एडिंबरोच्या कोर्टात आणि तिथून थेट लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली. जवळजवळ वीस वर्षं हे चाललं! शेवटी १८२१ मध्ये शेजारचा जमीनदार जेम्स चीप, जो स्वतः गोल्फ खेळायचा, त्याने जमीन विकत घेतली आणि सशांचा विषय संपला.

पण जमीन खासगीच होती, मालक चांगला होता एवढंच. चांगल्या मालकाचा मुलगा नातू चांगला निघेलच असं कुठे असतं. १८९३ मध्ये रॉयल अँड एन्शंट या बड्या क्लबने ती चीप घराण्याकडून घेतली, तर गाव म्हणालं, थांबा, हे आमचं आहे. १८९४ ला त्यासाठी पार्लमेंटमध्ये खास कायदा झाला आणि लिंक्स परत गावाकडे आली. क्लबने काय केलं, तर समझोत्यात स्वतःच्या खर्चाने शेजारी दुसरा कोर्स बांधून दिला, तो १८९५ ला सुरू झाला, नाव न्यू कोर्स. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली तरी न्यूच, आपल्याकडच्या ‘नवीन’ पेठा आणि ‘नवीन’ चाळींसारखं. १९७४ पासून सगळा कारभार एका सार्वजनिक ट्रस्टकडे आहे. म्हणजे टीव्हीवर जी ती प्रसिद्ध दगडी इमारत दिसते ती क्लबची, पण तिच्यासमोरचं मैदान क्लबचं नाही. जगातला सगळ्यात नावाजलेला गोल्फ क्लब आपल्या दारासमोर खेळतो तो गावाच्या जमिनीवर, वेळ ठरवून.

हा लांबलचक इतिहास मी सांगितला कारण इथून मैदानाची गोष्ट आणि क्लबची गोष्ट वेगळी होते, आणि आपण कायम दोन्हींची गल्लत करतो. (मराठीत काठीलाही क्लब आणि संस्थेलाही क्लब, त्यामुळे आणखी घोळ.)

क्लबची गोष्ट बघायची तर एडिंबरोच्या ऑनरेबल कंपनी या जुन्या गोल्फ क्लबची बघा. १७४४ मध्ये एडिंबरोच्या नगरपालिकेने बक्षीस म्हणून एक चांदीची काठी दिली, परत वाचा, नगरपालिकेने दिली, आणि शेजारच्या लीथच्या सार्वजनिक मैदानावर या क्लबवाल्यांची स्पर्धा झाली. त्यासाठी तेरा नियम लिहिले गेले, आज आपल्या हातात असलेले गोल्फचे सगळ्यात जुने नियम. जिंकला जॉन रॅट्रे नावाचा सर्जन. पठ्ठ्या पुढे राजाविरुद्धच्या बंडात बंडखोर राजपुत्राचा डॉक्टर म्हणून सामील झाला, पकडला गेला, आणि फाशीपासून वाचला तो स्कॉटलंडच्या मुख्य न्यायाधीशाच्या शब्दामुळे, जो त्याच्यासोबत गोल्फ खेळायचा! ओळख कुठे कामाला येईल सांगता येत नाही. असो.

ते तेरा नियम मात्र नीट वाचण्यासारखे आहेत. दहावा नियम सांगतो की बॉल माणसाला, घोड्याला, कुत्र्याला किंवा आणखी कशाला लागून थांबला तर जिथे थांबला तिथूनच खेळायचा. तेराव्यात शाळकरी पोरांनी केलेल्या खड्ड्यांचा आणि सैनिकांच्या चरांचा उल्लेख आहे, ते अडथळा धरायचे नाहीत, बॉल काढून घेऊन खेळा. विचार करा, मैदानात एकाच वेळी घोडे, कुत्री, शाळेची पोरं, सैनिक, येणारेजाणारे आणि हे टोपीवाले सज्जन. आणि त्या सज्जनांनी जो पहिला कायदा लिहिला तो ‘बाकीच्यांना बाहेर काढा’ असा नव्हता, बाकीचे असताना खेळायचं कसं, असा होता. गल्ली क्रिकेटमध्ये आपण नाही का ठरवत, रिक्षाला लागला तर डेड बॉल, गच्चीत गेला तर आउट, स्कूटरखाली गेला तर दोन. हुबेहूब तेच. गोल्फ हा मुळात गल्ली क्रिकेटचा सख्खा भाऊ आहे, फक्त पुढे श्रीमंत घरी दत्तक गेला.

दत्तक कसा गेला तेही याच क्लबच्या वाटचालीत दिसतं. लीथला गर्दी वाढली, पैशाचीही ओढाताण झाली, १८३६ ला क्लब उठून मसलबर्गला गेला. तिथेही गर्दी झाली, तर १८९१ ला मुइरफील्डला स्वतःच्या खासगी जागेत, भिंतीच्या आत. जाताना ब्रिटिश ओपन ही गोल्फची नावाजलेली स्पर्धाही घेऊन गेला, पुढच्याच वर्षी ओपन मुइरफील्डला झाली आणि मसलबर्गला, जिथे १८७४ ते १८८९ मध्ये सहा वेळा ओपन झाली होती, ती पुन्हा कधीच आली नाही. मग भिंतीच्या आत काय झालं? २०१६ साली, आपल्या डोळ्यांसमोर, त्यांनी मतदान घेतलं की बायकांना सभासद करायचं का, आणि दोनतृतीयांश मतं मिळाली नाहीत म्हणून ठराव पडला. ओपनच्या आयोजकांनी सांगितलं, मग तुमच्याकडे ओपन नाही. २०१७ ला पुन्हा मतदान, या वेळी ऐंशी टक्के बाजूने. हृदयपरिवर्तन वर्षभरात होतं, फक्त स्पर्धा जायला हवी.

आणि मसलबर्ग, जे ते मागे टाकून गेले? तिथे १६७२ साली गोल्फ खेळल्याची नोंद एका वकिलाच्या हिशोबाच्या वहीत आहे, त्यामुळे जगातला सगळ्यात जुना कोर्स आमचाच असा त्यांचा दावा असतो. सेंट अँड्र्यूजवाले अर्थात मानत नाहीत, पहिला सार्वजनिक गणपती कुणाचा यावर आपल्याकडे जसं भांडण तसंच ते आहे, मी त्यात पडत नाही. मला त्यांची दुसरी नोंद महत्त्वाची वाटते. १८१० च्या डिसेंबरमध्ये मसलबर्गच्या क्लबने ठरवलं की नव्या वर्षाच्या दिवशी मासे विकणाऱ्या बायकांची गोल्फ स्पर्धा घ्यायची आणि जिंकणारीला मासळीची नवी पाटी द्यायची, सोबत बार्सिलोनाचे दोन रेशमी रुमाल. डोक्यावर पाटी घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या, जिभेने तिखट, आपल्या कोळणींच्या मावसबहिणीच म्हणा ना. त्या १८११ मध्ये गोल्फ खेळतायत. बक्षीस देण्याइतक्या बऱ्या खेळतायत. आणि त्याच मैदानावरून उठून गेलेल्या क्लबला बाईला सभासद करायला २०१७ उजाडावं लागतं. मोकळ्या मैदानावर जे आपोआप होत होतं ते भिंतीच्या आत मतदानानेही होईना, याहून जास्त मी काय वेगळं सिद्ध करायचंय.

आता आपल्याकडचं. ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब कोलकात्याचा, १८२९ चा. मुंबईत १८४२ ला निघाला होता, बंगळुरूचा १८७६ चा. म्हणजे गोल्फ आपल्याकडे फार लवकर आलं, युरोपच्या मुख्य भूमीवर पहिला क्लब फ्रान्समध्ये पो या गावी १८५६ ला निघाला, त्याच्याही आधी. पण आलं ते साहेबाच्या ट्रंकेतून, आणि ट्रंकेत फक्त क्लब होता, गायरान तिकडेच राहिलं. स्कॉटलंडमध्ये जो खेळ खाटीक, चांभार, कोळणी, वकील एकाच वाळूवर खेळायचे तो इथे येईपर्यंत काळ्या-गोऱ्याची पाटी झाला होता. नंतर साहेब गेला, पाटी गेली, गेट राहिलं. कोलकात्याच्या त्याच क्लबात ग्रीनकीपरचा, म्हणजे मैदानाचं गवत राखणाऱ्याचा, मुलगा एसएसपी चौरासिया बघत बघत शिकला आणि २०१६ आणि २०१७ ला लागोपाठ इंडियन ओपन जिंकला. टॅलेंट मागच्या गेटनेही येतं, नाही असं नाही. पण ग्रीनकीपरच्या पोटी जन्म घेणं ही काही क्रीडा धोरणाची पायरी होऊ शकत नाही ना.

विरोधी मुद्दे मला माहीत आहेत आणि त्यातला एक खरोखर जड आहे. तो म्हणजे, शहरात क्लबने जागा सांभाळली म्हणून ती हिरवी तरी राहिली, सरकारच्या हातात दिली असती तर एव्हाना टॉवर उभे असते. हे खरं आहे, मान्य. १७९७ च्या त्या नगरपालिकेनेही गायरान विकूनच खाल्लं होतं. म्हणूनच मी क्लब बंद करा, मैदान ताब्यात घ्या वगैरे म्हणत नाहीये, उलट गोल्फ कोर्स राहू दे, गोल्फ राहू दे, पण ये-जा करायचा हक्क कागदावर येऊ दे असं म्हणतोय. जमिनीवर दहा हजार माणसांची वहिवाट असली की बिल्डरलाही ती गिळणं अवघड जातं, चारशे सभासदांची सोपी असते.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा, बॉल डोक्यात बसेल. बसू शकतो. पण सेंट अँड्र्यूजला मूळच्या मैदानाच्या, म्हणजे ओल्ड कोर्सच्या, पहिल्या आणि अठराव्या होलला आडवा छेदून सार्वजनिक रस्ता जातो, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड, म्हणजे क्लार्क आजीचा बोळ. लोक समुद्राकडे जायला तो वापरतात, खेळाडू थांबतो, मग मारतो. आणि स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने तर गोल्फ कोर्स ओलांडून चालत जायचा हक्कच दिलाय, अट एवढीच की ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पाय ठेवायचा नाही आणि खेळात अडथळा आणायचा नाही. रविवारी ओल्ड कोर्स गोल्फसाठी बंदच असतो, मोठी स्पर्धा असेल तेवढा अपवाद. त्या दिवशी तिथे लोक कुत्री घेऊन फिरतात, म्हाताऱ्या बाया गप्पा मारत जातात, पोरं मैदानातल्या इवल्याशा दगडी पुलावर चढून फोटो काढतात. जुना ग्रीनकीपर टॉम मॉरिस म्हणायचा म्हणे, तुम्हाला नसेल पण मैदानाला विश्रांती लागते. शेजारीच पटिंगचं, म्हणजे बॉल हळूच ढकलत होलमध्ये घालायचं, एक उंचसखल मैदान आहे, त्याचं नाव चक्क हिमालयाज, १८६७ पासून बायकांच्या क्लबचं, आणि तिथे कुणीही उठून थोडक्या पैशांत खेळून येऊ शकतं.

सगळं गोडगोड आहे असंही नाही. बाहेरच्या माणसाला ओल्ड कोर्सवर एक राउंड सीझनमध्ये तीनशे पौंडांच्या वर पडतो आणि तोसुद्धा बहुतेकदा लॉटरीत नंबर लागला तर. पण तो पैसा ट्रस्टकडे जातो, आणि गावच्या माणसाला वर्षभराचा पास सवलतीत मिळतो. म्हणजे टुरिस्टकडून घ्या, गावाला द्या. आपल्याकडे बरोब्बर उलटं आहे, जमीन गावाची, भाडं नाममात्र, फायदा सभासदांचा.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही कुणी सांगू नये. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे पळतात तिथेच सकाळ-संध्याकाळ मुंबईकर फिरायला जातातच की. तिथली लीज २०१३ ला संपली, दहा-अकरा वर्षं घोळ चालला, आणि २०२४ मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक पार्कसाठी आणि ९१ एकर रेसकोर्सकडे अशी वाटणी ठरली. त्या १२० एकरांचं पुढे काय होतं यावर डोळा ठेवायलाच हवा. पण घोडे आणि माणसं एका मैदानावर राहू शकतात हे तर आपल्या डोळ्यांसमोर आहे, मसलबर्गचा कोर्ससुद्धा घोड्यांच्या रेसकोर्सच्या आतच आहे.

तर लीज रिन्यू करताना तीन अटी घाला एवढंच माझं मागणं. आठवड्यातून एक दिवस मैदान सगळ्यांना चालायला खुलं. कडेने एक पायवाट कायमची, सातबाऱ्यावर नोंदवलेली. आणि आसपासच्या महापालिकेच्या शाळांतल्या पोरांना आणि कॅडींच्या पोरांना ठरावीक तास फुकट. यातलं एकही कलम मी शोधून काढलेलं नाही, पाचशे वर्षं जुन्या वहिवाटीतून उचललंय, त्यामुळे हेरिटेजवाल्यांची हरकत नसावी.

माझा एक मित्र अशाच एका क्लबचा सभासद आहे, चांगला माणूस आहे, त्याला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ ऐकून म्हणाला, “अरे पण रविवार कसा जमेल, रविवारी तर आम्हालाच स्लॉट मिळत नाही. सोमवार चालेल का? सोमवारी तसाही मेंटेनन्सला बंद असतो.”

मी म्हटलं, सोमवार तर सोमवार, लिहून दे.